पानांची साक्ष

गोमंतकात एखाद्या गावी नवखा मनुष्य गेला, तर हिंदूचे घर कोणते हे त्याला विचारावे लागत नाही. अंगणात तुळशीवृंदावन दिसले की घर ओळखले जाते. देवळाच्या प्राकारात दीपस्तंभाच्या जोडीला वृंदावन असते, आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैद्राबाद अशा दूरच्या शहरांत जाऊन राहिलेल्या आपल्या मंडळींच्या घरी अंगण नसले, तरी सज्जात एक कुंडी असतेच. सकाळी तिला पाणी, सायंकाळी तिच्यापुढे दिवा आणि कार्तिकात तिचे लग्न. घरातील माणसांइतकेच त्या रोपट्याकडे घराचे लक्ष असते. म्हणूनच त्याचे पान पिवळे पडले की घरात कुजबुज सुरू होते.

या कुजबुजीविषयी मला काही सांगावयाचे आहे. पान पिवळे का पडते हा प्रश्न वरवर पाहता माळ्याचा आहे. परंतु त्याला एक इतिहास आहे आणि त्या इतिहासात न्यायान्यायाचा भाग थोडा नाही. न्यायालयात वावरणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट लवकर कळून येते. साक्षीदार खोटे बोलल्याने जितका अन्याय होतो, तितकाच खऱ्या साक्षीचा चुकीचा अर्थ लावल्याने होतो. आपल्या प्रांतात तुळशीला दोन वेळा अशा रीतीने साक्षीस ओढण्यात आले आहे.

पहिला प्रसंग सर्वश्रुत नसला तरी लेखी पुराव्याचा आहे. सन १७३६ च्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. धर्मांतरित कुटुंबांत जुन्या चालीरीती टिकून राहिल्या होत्या, त्या मोडून काढणे हा त्याचा हेतू. लग्नातील विधी, गाणी, पोशाख, आहार अशा अनेक गोष्टींवर त्यात बंदी आहे. आणि त्यांतच घरात, आवारात वा बागेत तुळस ठेवू नये, असेल तेथून ती उपटून टाकावी, अशीही आज्ञा आहे. कै. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील इन्क्विझिशनवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात या जाहीरनाम्याचा तपशील दिला आहे. एक हिरवे रोपटे जिवंत आहे एवढ्यावरून घरधन्याच्या अंतःकरणातील श्रद्धेविषयी निष्कर्ष काढावयाचा, अशी ती न्यायपद्धती होती. तेव्हा तुळशीचा अपराध एवढाच, की ती जगली होती.

दुसरा प्रसंग कोणत्याही दप्तरात सापडणार नाही, कारण तो आपल्याच घरांत घडत आला. तुळस वाळली की तिचा दोष कोणाच्या तरी माथी जातो, आणि तो बहुधा नव्याने घरात आलेल्या सुनेच्या किंवा विधवा बाईच्या माथी. 'हात चांगला नाही', 'शिवाशीव पाळली नाही', 'पायगुण तसा', ही वाक्ये माझ्या पिढीतील वाचकांनी ऐकलेली असतील. माझ्या लहानपणी आमच्या घरी हे घडले. धाकटी काकी लग्न होऊन आली त्याच वर्षी जुने मातीचे वृंदावन काढून सिमेंटचे नवे बांधले होते. पावसाळा सरता सरता त्यातील तुळशीची पाने पिवळी पडून माना टाकू लागली. घरच्या वडीलधाऱ्यांनी अधिक पाणी घालावयास सांगितले, काकीने ते घातले आणि तुळस वाळली. पुढे दोन रोपे लावली, तीही गेली. काकीला कोणी उघड बोलले नाही. मात्र तुळशीला पाणी घालण्याचे काम तिच्याकडून काढून घेण्यात आले. बोलण्यापेक्षा हे अधिक लागणारे होते. काही वर्षांनी वृंदावनाला चीर गेली म्हणून गवंडी आला. त्याने वरची माती काढली तेव्हा खाली काळा, आंबूस वासाचा चिखल निघाला. तळाला पाणी जाण्यासाठी ठेवलेले भोक बांधकामाच्या वेळीच सिमेंटने बुजले होते. मुळांना श्वास घ्यावयास जागा उरली नव्हती. काकीची निर्दोष मुक्तता झाली, पण निकाल फार उशिरा लागला.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे, की त्या निकालाला लागणारा कायदा आपल्याकडे पंधराशे वर्षांपूर्वीच लिहिलेला होता. अवंतीचा वराहमिहिर इसवी सनाच्या सहाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय आहे. झाडाला रोग कशाने होतो याचे उत्तर तो तीन शब्दांत देतो: थंडी, वारा आणि ऊन. रोगाची चिन्हे तो चार सांगतो: पाने पांढुरकी-पिवळी पडणे, कोवळे अंकुर न वाढणे, फांद्या सुकणे आणि रस पाझरणे. उपचाराचा क्रमही पाहण्यासारखा आहे. प्रथम शस्त्राने बिघडलेला भाग स्वच्छ करावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, मग दूधमिश्रित पाणी शिंपावे. औषधाचे मोल आज कोणी कसेही ठरवो. परंतु आधी चिन्ह, मग कारण, मग उपचार ही शिस्त येथे स्पष्ट आहे, आणि कारणांच्या यादीत कोणाचा पायगुण नाही.

त्याच अध्यायात पाण्याचा नियम आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे, थंडीत एक दिवसाआड द्यावे आणि पावसाळ्यात जमीन सुकली असेल तरच द्यावे. हे शेवटचे कलम आमच्या घरी कोणाच्या कानावर आले असते, तर तीन तुळशी आणि एका नव्या सुनेचे मन वाचले असते.

वराहमिहिरानंतर काही शतकांनी सुरपाल नावाच्या पंडिताने वृक्षायुर्वेद याच नावाचा संपूर्ण ग्रंथ रचला. माणसाच्या शरीरात जसे वात, पित्त आणि कफ यांचे वैषम्य, तसेच झाडातही, ही त्याची भूमिका. खारट, आंबट, तिखट द्रव्यांचा मारा झाला की उन्हाळ्याच्या अखेरीस पित्ताचे विकार होतात आणि पाने पिवळी पडून फळे गळतात, असे तो म्हणतो. कुंडीत खताची मात्रा अधिक झाल्यावर क्षार साचून पानांच्या कडा जळतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला सुरपालाच्या निरीक्षणाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. त्रिदोषांची परिभाषा आज आपण स्वीकारू वा न स्वीकारू. पण जमिनीत काय घातले गेले, त्याचा पानाशी संबंध लावणारी ती दृष्टी खरी आहे.

या ग्रंथाची कथा आपल्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होती. वनस्पतिरोगांचे नामवंत अभ्यासक डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी सिकंदराबाद येथे १९९४ साली एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फौंडेशन ही संस्था स्थापिली, त्या पोथीची प्रत मिळविली, आणि डॉ. नलिनी साधले यांच्याकडून तिचे इंग्रजी भाषांतर करवून १९९६ साली ते प्रसिद्ध केले. इंग्लंडातील ग्रंथालयात असलेली विद्या तेलंगणात राहणाऱ्या दोन मराठी माणसांच्या हातून पुन्हा लोकांसमोर आली.

युरोपात हाच खटला फार मोठ्या किंमतीवर चालला. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याच्या पानांवर काळे डाग पडले आणि थोड्याच दिवसांत शेतेच्या शेते कुजली. पानाच्या खालच्या बाजूस पांढुरकी बुरशी दिसत होती, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो अर्थाविषयी. लंडनचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन लिंडले म्हणत, की अति पावसाने झाडे पाण्याने फुगली व कुजली, आणि बुरशी त्या कुजण्यावर मागाहून आली. रेव्हरंड माइल्स जोसेफ बर्कली या ग्रामीण धर्मोपदेशकाने १८४६ साली उलट बाजू मांडली: बुरशी हीच कारण आहे, कुजणे हा परिणाम आहे. कित्येकांनी ते संकट ईश्वरी कोप मानले. १८६१ साली अँटन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने निरोगी बटाट्याच्या झाडांवर त्या बुरशीची बीजे मुद्दाम सोडून रोग उत्पन्न करून दाखविला, तेव्हा बर्कलीचा पक्ष सिद्ध झाला. तोपर्यंत सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व साथींनी मेली होती आणि तितकीच देश सोडून गेली होती. एवढ्या मृत्यूंचे कारण केवळ चुकीचे निदान असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. राज्यकर्त्यांची अनास्थाही त्यात होती. तथापि पानावर जे दिसते ते कारण की कार्य, हा प्रश्न मानवजातीने किती महागात सोडविला हे यावरून दिसते.

उपाय सापडला तो मात्र योगायोगाने. फ्रान्समधील मेडॉक प्रांतात रस्त्याकडेचे द्राक्षवेल वाटसरू ओरबाडीत, म्हणून मळेवाले त्यांवर मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडीत, की पाहणाऱ्याला ते विषारी वाटावे. १८८२ साली त्या प्रांतात वेलींची पाने केवड्या रोगाने गळली असता रस्त्याकडेचे वेल तेवढे हिरवे राहिलेले प्राध्यापक मिलार्दे यांना दिसले. १८८५ साली त्यांनी ते मिश्रण औषध म्हणून जगापुढे ठेवले, आणि जवळच्या बोर्दो शहरावरून त्याला नाव मिळाले. चोरांसाठी लावलेली युक्ती रोगाला लागू पडली. आपल्या कुळागरांतून पोफळीवर पावसाळ्यापूर्वी जे बोर्डो मारतात, ते हेच. पोफळीचा कोळरोग मुख्यतः कोवळ्या सुपाऱ्यांवर येतो. त्याचा शास्त्रशुद्ध तपास म्हैसूर संस्थानातील शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० साली प्रसिद्ध केला, आणि अपराधी निघाला तो आयर्लंडच्या बटाट्यावरील बुरशीच्याच वंशातला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण आज अंत्रुजातील बागाईतदाराला तोंडपाठ असते.

परंतु प्रत्येक पिवळ्या पानामागे बुरशी शोधणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. एझेब ग्रिस या फ्रेंच संशोधकाने १८४३-४४ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या पानांवर लोहक्षाराचे पाणी लावले, तेव्हा पाने पुन्हा हिरवी झाली. म्हणजे येथे कोणी शत्रू आलेला नव्हता. घरात एक वस्तू कमी होती. याच जातीचे, पण फार मोठे उदाहरण आपल्या देशातले आहे आणि ते वर उल्लेखिलेल्या नेने यांचेच आहे. हिमालयाच्या पायथ्याशी तराई भागात पंतनगरच्या परिसरात भाताची लावणी झाल्यावर दोनतीन आठवड्यांत खालची पाने फिकी पडत, त्यांवर काताच्या रंगाचे डाग येत, ते एकमेकांत मिसळत आणि रोप खुरटे. रंगावरून लोक त्याला खैरा म्हणत आणि तो रोग समजत. नेने यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले, की येथे ना किडा, ना बुरशी. जमिनीतील जस्त झाडाला मिळत नाही एवढेच. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरवलेला चुना एक हजार लिटर पाण्यात मिसळून फवारावा, हा उपाय त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती आला. बुरशीवरील भारी औषधे आयुष्यभर मारली असती तरी ते भात सुधारले नसते. ज्याने आरोपी बदलला त्यानेच पीक वाचविले.

आता पुन्हा घराकडे वळू. आज आपल्या घरांत तुळशीखेरीज किती तरी झाडे आली आहेत. लंडनचे वैद्य नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास असे आढळले, की बंद काचेच्या भांड्यात दमट मातीवर नेचा वाढतो आणि शहरातील कोळशाच्या धुराची त्याला बाधा होत नाही. त्यांच्या काचपेट्यांतून उष्ण कटिबंधातील झाडे समुद्रापार जाऊ लागली आणि दिवाणखान्यात झाड ठेवण्याची रीत पसरली. त्याच्याही आधी पोर्तुगीज गलबतांनी अमेरिकेतून काजू, अननस, मिरची आपल्या किनाऱ्याला आणली होती. आपण देवाला वाहतो तो पांढरा देवचाफाही मूळचा अमेरिकेतलाच. क्रोटन, मॉन्स्टेरा, ड्रॅसिना ही मंडळी दाट रानाच्या सावलीत, ओलसर हवेत आणि सैल, पालापाचोळ्याच्या मातीत वाढलेली. त्यांना आपण तळाला भोक नसलेल्या रंगीत कुंडीत कोंडतो, पंख्याखाली ठेवतो आणि पान वाळले की औषधाच्या दुकानाकडे धावतो.

वरील इतिहासावरून घरगुती निदानाची एक रीत सहज बसविता येते. प्रथम पाहावे ते माती. बोट दोन पेरे आत घालावे. माती ओली असूनही पाने माना टाकीत असतील, तर झाड तहानलेले नसून गुदमरलेले आहे. चिखलात हवा राहत नाही, मुळे कुजतात, आणि कुजलेली मुळे भोवती पाणी असूनही ते वर पोचवू शकत नाहीत. अशा वेळी पाणी घालणे म्हणजे बुडणाऱ्याला घोटभर पाणी पाजणे. दुसरी गोष्ट, पिवळेपणा कोठून सुरू झाला ते पाहावे. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, तर झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देते. म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोह असे हलविता येत नाही. ते कमी पडले तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नव्या सिमेंटच्या वृंदावनात चुन्याचा अंश मातीत उतरतो आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. तिसरी गोष्ट, पान उलटून पाहावे. मावा, पिठ्या ढेकूण, बारीक जाळे विणणारे तांबडे कोळी, चाफ्याच्या पानामागची तांबेऱ्याची नारिंगी पूड, हे सारे मागच्या बाजूस दडतात. तुळशीवर जाळीदार पंखांचा एक बारीक किडा येतो. तो रस शोषतो, पाने ठिपकेदार व फिकी होऊन वळतात आणि मागे काळे ठिपके दिसतात. चौथी गोष्ट, केवळ टोके व कडा करपल्या असतील तर क्षार, कोरडी हवा किंवा कडक ऊन यांची चौकशी करावी. इतके झाल्यावरच औषधाचे नाव काढावे.

तुळशीच्या बाबतीत एक अधिक बंधन आहे. तिचे पान तीर्थात पडते, नैवेद्यावर ठेवले जाते आणि प्रसाद म्हणून मुखी जाते. म्हणून तिच्यावर विषारी फवारा मारणे हे धर्मदृष्ट्या आणि आरोग्यदृष्ट्या दोन्हीकडून निषिद्ध समजावे. किडकी पाने खुडून टाकावी, पानांच्या मागून स्वच्छ पाण्याची धार मारावी, रोपाला ऊन व वारा मिळेल असे पाहावे. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे, कारण बी पिकू लागले की झाडाची शक्ती तिकडे जाते. दूध, हळदकुंकू, साखर मुळाशी न घालता पुढे ताम्हनात वाहावी. मातीत साचून ती मुंग्यांना व बुरशीला आमंत्रण देतात. निरांजन पानांपासून वीतभर दूर ठेवावे. पावसाळ्यात नित्यनेम मोडावा असे मी म्हणत नाही. पळीभर पाण्यानेही नेम पुरा होतो, घागर ओतण्याची गरज नाही. आणि तुळस मुळातच दीर्घायुषी नव्हे. दोनतीन वर्षांत तिचे खोड लाकडासारखे कठीण होते आणि ती स्वभावतःच उतरणीला लागते. तिच्या जाण्यात अपशकुन नाही. तिच्याच मंजिरीतले बी जवळच्या कुंडीत पेरून ठेवणे हा त्यावरचा उपाय.

कायद्याचे एक साधे तत्त्व आहे: जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करावा. १७३६ चा जाहीरनामा काढणाऱ्यांना हे तत्त्व मान्य नव्हते, म्हणून आपण त्यांना दोष देतो आणि तो योग्यच आहे. परंतु वाळलेल्या तुळशीवरून घरातल्या बाईचा न्याय करताना आपणही त्याच आसनावर बसतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्यांनी जिवंत तुळशीवरून अपराध ठरविला, आपण मेलेल्या तुळशीवरून ठरवितो. पुरावा दोहींकडे सारखाच नाही.

आमची धाकटी काकी पुढे पुष्कळ वर्षे जगली. नव्या वृंदावनाला गवंड्याने तळाशी दोन भोके ठेवली आणि तीत तिच्याच हातची तुळस वाढली. पाणी कोणी घालावे याविषयी मग घरात कोणी बोलले नाही. तुमच्या घरच्या तुळशीचे पान पिवळे दिसले तर कोणाकडेही पाहण्यापूर्वी खाली वाका, माती चाचपा, पान उलटून पाहा. उत्तर बहुधा तेथेच असते.